मशीन बंद केलं की सगळं गायब! (शाळेतली कंप्युटर लॅब)

इंडेक्स_शून्य

नमस्कार मंडळी. मी नववीत आहे. धागा काढायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

आमच्याकडे पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) सुरू झालंय. अंक ओळखायचा खेळ करायला दिला होता. कंप्युटरने १ ते १० मधला एक अंक मनात धरायचा, आपण ओळखायचा. माझा प्रोग्राम चालत होता, एरर नाही काही नाही, पण काहीही टाकलं तरी "चूक". शेजारच्या मुलीने १ पासून १० पर्यंत सगळे अंक टाकून पाहिले. दहाच्या दहा चूक! मग मी त्याने धरलेला अंक आणि मी टाकलेला अंक, दोन्ही स्क्रीनवर छापून घेतले. ७ आणि ७. तरी चूक. शेवटी दोघांचा टाइप छापला तेव्हा उलगडलं: त्याचा ७ इंटिजर (पूर्णांक), माझा ७ स्ट्रिंग (नुसती अक्षरं). इनपुटमधून येतं ते अक्षर म्हणूनच येतं, भले आपण आकडा टाइप केलेला असो. इनपुटभोवती इंट (अक्षराचा आकडा करणारी आज्ञा) लावलं आणि गडी "शाब्बास" म्हणाला. मी इतक्या जोरात बाकावर हात आपटला की सर वळून बघायला लागले.

पुढच्या तासाला तेच मशीन, तेच लॉगिन आणि डेस्कटॉप कोरा करकरीत. फाइल नाही, फोल्डर नाही. रिसायकल बिनही रिकामं. सर म्हणाले, "इथे काही राहत नाही, पुन्हा टाइप कर."

मग मी वहीच्या मागच्या पानांवर कोड उतरवून ठेवायला लागले. प्रत्येक ओळ किती आत सरकवायची ते कळावं म्हणून पेन्सिलीने उभ्या रेघा मारते. तास ३५ मिनिटांचा. त्यातला बराचसा वेळ मशीन सुरू होण्यात जातो, उरलेला जुनं टाइप करण्यात. फायदा एकच, आता कीबोर्डकडे न बघता टाइप करता येतं. परवा प्रोजेक्टरवर काही दिसेना, तेव्हा विंडोज आणि पी दाबून मीच चालू करून दिला. आता सहावीची मुलं मला "कंप्युटरवाली ताई" म्हणतात.

प्रश्न दोन. फाइल गायब का होते? आणि आमची मशीन्स एवढी रखडत का सुरू होतात? एका मशीनवर तर कुठलीही साइट उघडली की "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" असंच येतं.

शेवटचा_बाक

+१. दहाच्या दहा चूक वाचून फुटलो. आमच्याकडेही सगळं पुसलं जातं. नेट बंद असताना क्रोममध्ये येतो त्या डायनोसॉरच्या खेळाचा हायस्कोरसुद्धा!

भटका_पॉइंटर

आधी अभिनंदन. कोड चालतोय आणि तरी उत्तर चुकतंय, अशा वेळी दोन्ही बाजू छापून बघायचं तुला आपणहून सुचलं. नोकरीत मुरलेल्या लोकांनाही हे सांगावं लागतं. गंमत बघ, तू "बरोबर आहे का" एवढंच न विचारता "लहान की मोठा" असं विचारलं असतंस तर पायथनने तिथेच टाइपएरर देऊन बोंब मारली असती. स्ट्रिंग आणि इंटिजर समान आहेत का, एवढंच विचारलं तर तो मुकाट्याने "नाही" म्हणतो. म्हणून असली चूक दडून बसते.

आता तुझ्या मशीनबद्दल. वॉलपेपर बदललास तर तोही पूर्वीसारखा होतो का? होत असेल तर तिथे रीस्टोअर करणारं सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. एकदा मशीन नीट लावून ड्राइव्ह "गोठवून" ठेवतात. दिवसभर तुम्ही जे काही कराल ते तात्पुरत्या जागेत जातं आणि रीस्टार्ट झालं की ती जागा टाकून दिली जाते. तुझी फाइल कोणी डिलीट केलेली नाही, ती मुळात पक्की लिहिलीच गेली नव्हती. रिसायकल बिन रिकामं ते त्यामुळेच.

लॅबची_चावी

मी अशाच एका लॅबचा कारभार बघतो (दुसऱ्या शाळेत), तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

रीस्टोअर नव्हतं तेव्हा आमच्याकडे काय चालायचं ते ऐका. माउसची डावी-उजवी बटणं अदलाबदल केलेली. स्क्रीन उलटी. डेस्कटॉपचा फोटो काढून तोच वॉलपेपर म्हणून लावायचा आणि खरे आयकॉन लपवायचे, म्हणजे पुढचा येणारा क्लिक करत बसतो. कोणीतरी भाषाच बदलून ठेवायचं. हे सगळं एक वेळ हसण्यावारी नेता येतं. पेनड्राइव्हमधून येणारा शॉर्टकट व्हायरस मात्र एका मशीनवरून दुसऱ्यावर जाऊन अख्खी लॅब घेऊन बसायचा. मी तास घेऊ की मशीन्स दुरुस्त करू? गोठवल्यापासून ती डोकेदुखी गेली. काही बिघडलं, करा रीस्टार्ट.

पण "इथे काही राहत नाही" हे उत्तर मला पटलेलं नाही. या सॉफ्टवेअरमध्ये एक ड्राइव्ह किंवा फोल्डर गोठवण्यातून वगळता येतं. आमच्याकडे डी ड्राइव्ह मोकळा आहे आणि त्यात वर्गवार फोल्डर आहेत. तुझ्या सरांना एवढंच विचार: "सर, न गोठवलेला ड्राइव्ह आहे का?" बऱ्याचदा तो असतो, पण लावून देणाऱ्याने कोणाला सांगितलेलं नसतं. नसेल तर शाळेने दिलेल्या खात्याच्या क्लाउडवर ठेव, नाहीतर स्वतःलाच मेल कर. वहीत उतरवणं मात्र सोडू नकोस, ते चांगलं आहे :)

इंडेक्स_शून्य

धन्यवाद सर, पॉइंटरदादा. हो, वॉलपेपर परत येतो. म्हणजे तेच.

सर, राग मानू नका, पण माउसची बटणं बदलणारे चार जण आणि त्यासाठी सगळ्यांचं काम पुसायचं? चित्रकलेच्या तासाला कोणी रंग सांडले म्हणून बाकीच्यांची चित्रं फाडत नाहीत.

तिरपा_कटाक्ष

बिनतोड! सर, द्या उत्तर. (हलके घ्या.)

लॅबची_चावी

उत्तर नाही. फक्त एक अडचण सांगतो. अ‍ॅडमिन पासवर्ड बऱ्याच शाळांत शिक्षकांकडे नसतोच, तो देखभालीचं कंत्राट घेणाऱ्याकडे असतो. एक सॉफ्टवेअर टाकायचं तर त्याला फोन, मग त्याने सवडीने यायचं, सगळी मशीन्स वितळवायची, टाकायचं, पुन्हा गोठवायची. वर्गाला वाटतं सरांना काही येत नाही.

टर्बो_आजोबा

आमच्या वेळी गोठवणं-वितळवणं नव्हतं, कारण गोठवायला हार्ड डिस्कच नव्हती. साडेतीन इंची फ्लॉपी, १.४४ एमबी. खिशात ठेवून बसलं की बॅड सेक्टर, म्हणजे तेवढा भाग वाचताच येत नाही. दोन फ्लॉपींवर एकच फाइल ठेवायची आणि त्यातली एक तरी वाचली जावी म्हणून देवाचं नाव घ्यायचं. लोगो भाषेत स्क्रीनवरचं कासव फिरवून चौकोन काढला, ती माझी संगणकाशी पहिली ओळख. पुढे टर्बो सी++ची (प्रोग्राम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरची) निळी स्क्रीन. मुलांना आता थेट पायथन मिळतंय, नशीबवान आहात.

भटका_पॉइंटर

आजोबा, पायथन तितकं काही कालचं पोर नाही. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, म्हणजे तुमच्या निळ्या स्क्रीनच्याच पिढीतलं. आणि तुमचं कासव जिवंत आहे. लोगो १९६७ मधली, सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठीच केलेली भाषा. पायथनसोबत 'टर्टल' नावाचं मॉड्यूल आयतं येतं, तेच कासव, त्याच आज्ञा: पुढे जा, उजवीकडे वळ. इंडेक्स, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यामुळे गोठलेल्या मशीनवरही चालतं.

इंडेक्स_शून्य

आई गं, कासव एवढं जुनं? मला वाटलं पायथनवाल्यांनीच काढलंय. आजोबा, तुमचा चौकोन मी उद्या काढते.

टर्बो_आजोबा

काढ. आणि मग तो दहा-दहा अंशांनी फिरवत छत्तीस वेळा काढ. काय होतं ते इथे सांगायचं नाही, बघायचं.

भटका_पॉइंटर

मशीन रखडतं त्याबद्दल. लॅबमध्ये फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर निम्मं उत्तर तिथेच. आत एक सुई तबकडीवर इकडून तिकडे धावत असते. विखुरलेल्या जागांवरून वाचायचं म्हटलं तर सेकंदाला शंभरेक वाचनांत तिची दमछाक होते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, ती तेवढ्याच वेळात हजारो करते. आता तास सुरू होताना काय होतं बघ. रात्रभर बंद असलेलं मशीन चालू झालं की अँटिव्हायरसला अपडेट हवं, विंडोजला अपडेट हवं आणि त्याच क्षणी तुला लॉगिन हवं. डिस्क एक, मागणारे दहा. त्यात गंमत अशी की गोठवलेलं असल्यामुळे उतरवलेलं अपडेट रीस्टार्टला पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी बिचारं पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या कोडसारखंच :)

यातून वाट म्हणजे अपडेटसाठी रात्री मशीन्स वितळवायचं वेळापत्रक लावणं, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. आणि रॅम वाढवण्याआधी एसएसडी टाकणं. जुन्या मशीनमध्ये एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

तिरपा_कटाक्ष

नवी मशीनंच घ्या ना मग. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तरी अर्ध्या शाळा तिथेच आहेत.

लॅबची_चावी

घेतो की, तुम्ही पाठवा :) विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, प्रोसेसरही तुलनेने नवा लागतो. आमची बरीच मशीन्स त्या यादीत बसत नाहीत, एरवी ठणठणीत आहेत. काहींवर मी विंडोजऐवजी लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलंय आणि पायथन तिथे उलट सुखाने चालतं. अडतं ते एखाद्या जुन्या अभ्यासाच्या सॉफ्टवेअरपाशी, जे विंडोजशिवाय उघडतच नाही.

भटका_पॉइंटर

इंडेक्स, ते "कनेक्शन खाजगी नाही" वालं मशीन. त्याच्या घड्याळात तारीख काय दिसते? आणि सुरू करताना काळ्या स्क्रीनवर काही दाबायला सांगतं का?

इंडेक्स_शून्य

हो! एफ१ दाबायला लागतं. ते तर सगळ्यांना माहितीये, त्या मशीनवर बसायचं तर आधी एफ१. नव्या मुलांनाही आम्ही तसंच शिकवतो. तारीख उद्या बघून सांगते.

इंडेक्स_शून्य

बघितली. १ जानेवारी २०१२. त्या मशीनच्या मते मी अजून शाळेतच जात नाही.

भटका_पॉइंटर

सापडलं. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मुख्य वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. शाळेत संध्याकाळी मेन स्विच बंद करतात आणि हा सेल मेलेला असेल तर मशीन रोज सकाळी आपल्या जन्मतारखेला जाऊन पोचतं. सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला (तिच्या ओळखपत्राला) "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते. २०१२ मध्ये बसलेल्या ब्राउझरला ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं, म्हणून तो दार उघडत नाही. एफ१ तेच सांगतंय की माझ्या सेटिंग्ज हरवल्या, पुढे जाऊ का?

सरांना सांग. स्वतःच्या मनाने उघडू नकोस.

शेवटचा_बाक

थांबा, आमच्याकडे पण एफ१वालं एक मशीन आहे!! त्यावर कोणी बसत नाही, भुताचं म्हणतात.

दोन_मुलांची_आई

धागा वाचताना घरचं चित्र डोळ्यांसमोर आलं. आमच्याकडे कंप्युटर नाही, मोबाइलच. मोठा दहावीत आहे. प्रोजेक्ट मोबाइलवर लिहितो आणि शाळेत जाऊन उघडतो तर तक्ते इकडचे तिकडे, पानं वाढलेली. एकदा मराठी निबंध शाळेत टाइप करून आणला, मोबाइलवर उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. पोरगं रडकुंडीला आलं. हे कशामुळे? आणि दुसरं, पुनरुत्पादनाच्या धड्याची माहिती शोधायला गेला तर शाळेच्या नेटवर ते पानच बंद. फुलांचं परागीभवन हो, दुसरं काही नाही!

भटका_पॉइंटर

ताई, निबंध जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झाला असणार. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या ठिकाणी मुखवटा उतरतो. युनिकोडमध्ये (त्यात देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवतात) टाइप केलं की कुठेही उघडेल. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त सेटिंग्जमधून मराठी जोडायची. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, एवढं ध्यानात ठेवलं की हात लवकर बसतो. तक्त्यांचं म्हणाल तर द्यायची प्रत पीडीएफ करूनच न्यायची, म्हणजे जागचं हलत नाही.

फिल्टरचं दुखणं जुनं आहे. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नव्हती, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी लपलेली होती. नुसते शब्द चाळणारा फिल्टर धडा आणि चावटपणा यांत फरक करू शकत नाही.

शेवटचा_बाक

त्याच्यावर उपाय आहे, प्रॉक्सी साइट. त्यात पत्ता टाकला की सगळं उघडतं. आमच्या वर्गात सगळे वापरतात. नाव इथे देऊ का?

लॅबची_चावी

देऊ नकोस. शाळा ओरडेल हे कारण नाही, ते वेगळंच. कारण ऐक. त्या साइटवरून तू मेल उघडतोस तेव्हा तुझा पासवर्ड आधी तिच्या मालकाच्या सर्व्हरवर जातो आणि मग पुढे. कुलपाचं चिन्ह दिसतं ते तू आणि प्रॉक्सी यांच्यामधलं. फुकट सर्व्हर चालवणारा माणूस ते का चालवतो याचा विचार कर.

ताई, बंद पानाचा पत्ता मुलाने कागदावर लिहून शिक्षकांना द्यावा. एखादं पान खुलं करून देणं हे फिल्टर सांभाळणाऱ्याचं दोन मिनिटांचं काम असतं. आमच्याकडे मी त्यासाठी दाराशी वहीच ठेवली आहे. मुलं तिच्यात काहीबाही गमतीही लिहितात, पण कामाच्या नोंदी जास्त निघतात.

शेवटचा_बाक

मेल नाही उघडत, गेमच खेळतो. पण बरं, पासवर्ड बदलतो.

फ्लॅशवाले (ब्राउझरमध्ये चालणारे जुने) गेम कधीच परत येणार नाहीत का? माझा दादा खूप सांगतो त्यांच्याबद्दल.

भटका_पॉइंटर

३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅशचा सपोर्ट बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनेच फाइली चालवायला नकार दिला. काही जुने गेम हौशी लोकांनी जतन केलेत, पण शाळेत कशाला? तू स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) स्वतःचा का करत नाहीस? डायनोसॉरसारखा उड्या मारणारा खेळ बसतो त्यात. ब्राउझरमध्येच चालतं, खातं काढून तिथे सेव्ह केलंस तर पुसलं जाणार नाही.

तिरपा_कटाक्ष

त्या डायनोसॉरपायी आमच्या भाच्याच्या वर्गात नेटची वायर रोज "आपोआप" निघायची.

शेवटचा_बाक

वायर काढायची गरजच नाही, क्रोमच्या पत्त्यात क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि डिनो लिहिलं तरी येतो. पण आमच्या सरांनी आता तोही बंद केलाय :(

लॅबची_चावी

हो, अ‍ॅडमिनला ती सोय मिळालेली आहे. खेळ २०१४ मध्ये आला आणि शाळांमध्ये तो एवढा पसरला की बंद करायचं बटण द्यावं लागलं.

इंडेक्स_शून्य

अपडेट द्यायला आले!

सरांना तारखेचं सांगितलं. आधी म्हणाले, नेट खराब आहे. मग मी घड्याळ दाखवलं. ते गप्प झाले आणि ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला. मेन बंद केला, वायर काढली. झाकण मी धरलं. आत एवढी धूळ की पंख्याची पाती राखाडी लोकरीची वाटत होती. सेल अगदी कडेला. त्याच्या शेजारी बारीकशी धातूची पट्टी असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुण्णकन वर येतो. ते सरांनी मला करू दिलं!! जुन्यावर अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर होती, नवा तसाच बसवला. चालू केल्यावर एफ१ शेवटचं एकदा मागितलं, आत जाऊन तारीख-वेळ भरली. मग बंद, चालू, आणि थेट विंडोज. मागे उभी असलेली मुलं "एफ१ कुठे गेलं?" विचारत होती.

आणि डी ड्राइव्ह खरंच होता. लपवलेला होता. सर म्हणाले, त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. आता आमच्या तुकडीचं फोल्डर आहे. आजोबा, चौकोन छत्तीस वेळा काढला. तिथेच सेव्ह केलाय.

टर्बो_आजोबा

आता छत्तीसच्या जागी वेगळा आकडा घाल. आणि रंग बदल.

दोन_मुलांची_आई

किती छान गं. तुझ्या सरांचं पण कौतुक. आमच्याकडे मुलांना झाकणाला हात लावू देत नाहीत.

तिरपा_कटाक्ष

रच्याकने (बाय द वे), त्या सामाईक फोल्डरमध्ये एकाने दुसऱ्याची फाइल उडवली तर?

लॅबची_चावी

उडवतातच. पहिल्याच आठवड्यात होईल. इंडेक्स, प्रत्येक बदलानंतर फाइलच्या नावात आकडा वाढवत जा: खेळ१, खेळ२. आणि शनिवारी एक प्रत क्लाउडवर. पेनड्राइव्हवर ठेवलीस आणि फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले तर त्यांच्यावर डबल क्लिक करायचं नाही. फाइली बहुतेक वेळा आतच लपवलेल्या असतात, लपलेलं दाखवायची सेटिंग चालू करून काढता येतात.

शेवटचा_बाक

सर, अवांतर विचारू? प्रिंट दिली की येतच नाही. लॅबमधला प्रिंटर मुका आहे.

लॅबची_चावी

तू प्रिंट कितीदा दाबतोस?

शेवटचा_बाक

येईपर्यंत.

लॅबची_चावी

प्रत्येक दाबणं रांगेत जाऊन बसतं. प्रिंटर बंद असेल, कागद संपला असेल, तरी रांग वाढतच राहते. प्रिंटर जागा झाला की तो प्रामाणिकपणे सगळं काढतो. खाली घड्याळाशेजारी प्रिंटरचं चिन्ह असेल, ते उघडून आधी रांग रिकामी कर.

शेवटचा_बाक

उशीर झाला सर. आज कोणीतरी कागद भरला. मुख्याध्यापकांच्या टेबलावर गठ्ठा आहे आणि प्रत्येक पानावर माझं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक.